अधिक-उणे पाच

२०२३च्या एप्रिलमध्ये एका दिवसाच्या अंतराने पावसाचे दोन अंदाज आले. ‘स्कायमेट’ या खासगी संस्थेने सांगितलं, यंदाचा मान्सून सरासरीच्या ९४ टक्के. दुसऱ्या दिवशी भारतीय हवामान खात्याने सांगितलं, ९६ टक्के. खात्याच्या वर्गवारीत ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य पाऊस आणि ९६च्या खाली सामान्यपेक्षा कमी. म्हणजे एकाच्या मते पाऊस कमी पडणार, दुसऱ्याच्या मते पुरेसा. चर्चा रंगायला तेवढं पुरलं. प्रत्यक्षात दोन्ही आकड्यांना ‘अधिक-उणे ५ टक्के’ ही शेपटी जोडलेली होती. ती लक्षात घेतली तर पहिला अंदाज ८९ ते ९९ टक्क्यांचा होता आणि दुसरा ९१ ते १०१ टक्क्यांचा. दोघंही जवळजवळ एकच गोष्ट सांगत होते. सप्टेंबरअखेर हिशेब लागला तेव्हा देशभरातला पाऊस ९४ टक्क्यांच्या आसपास भरला. हा आकडा दोन्ही अंदाजांच्या पोटात बसतो. तरीही कोण बरोबर आणि कोण चूक, असा वाद घालता आला, कारण बोलण्यात उरले होते ते फक्त ९४ आणि ९६. अधिक-उणे पाच वाटेतच कुठेतरी सांडले होते.

यात कुणी खोटं बोललं नव्हतं. अंदाज एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचं अंदाजपण गळत गेलं, इतकंच. मत सत्य म्हणून मिरवतं तेव्हा बहुतेक वेळा असंच काहीतरी झालेलं असतं. आपण मात्र तडक बोलणाऱ्याला धरतो: अहंकारी आहे, अर्धवट आहे, ढोंगी आहे. अशी माणसं आहेत आणि त्यांची उणीव कधी भासलेली नाही. पण ही खोड इतकी सार्वत्रिक आहे की केवळ स्वभावदोषाने तिचा उलगडा होत नाही. सज्जन, सुशिक्षित, एरवी तोलून बोलणारी माणसंही सिनेमा, शाळा, डॉक्टर, सरकार यांबद्दल निकाल दिल्यासारखी बोलतात. माझं म्हणणं असं की यात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचाही हात असतो, आणि पुष्कळदा त्याचाच जास्त. बोलणाऱ्याला आपलं मत हे मत म्हणून दिसतच नाही, ही पहिली अडचण. आणि चुकून दिसलं, त्याने ते तसं सांगितलं, तर त्याची पत घसरते, ही दुसरी.

पहिल्या अडचणीचा सगळ्यात गमतीदार पुरावा एका फुटबॉलच्या सामन्यात सापडतो. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमाउथ या दोन विद्यापीठांचे संघ भिडले. खेळ अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलचा, मुळातच धसमुसळा. प्रिन्स्टनचा नावाजलेला खेळाडू डिक काझमायर नाक मोडून बाहेर गेला, पुढे डार्टमाउथच्या एकाचा पाय मोडला, आणि सामना संपल्यावर दोन्हीकडच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांत आरोपांची राळ उडाली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि कुणी किती वेळा नियम मोडला ते मोजायला सांगितलं. डार्टमाउथच्या संघाचे नियमभंग मोजताना डार्टमाउथच्या विद्यार्थ्यांची सरासरी चारच्या आसपास आली, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची दहाच्या जवळ. फिल्म तीच, मोजणी मात्र दुपटीहून जास्त. १९५४ साली छापलेल्या त्यांच्या लेखात आणखी एक प्रसंग आहे. ही फिल्म डार्टमाउथच्या एका दूरच्या माजी विद्यार्थ्याकडे पाठवली होती, तिथल्या मंडळींना दाखवण्यासाठी. त्याने आधी स्वतः पाहिली. ज्या धसमुसळेपणाचा एवढा गाजावाजा झाला होता तो त्याला त्यात दिसेचना. त्याने तार केली: महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, खुलासा करा आणि उरलेला तुकडा विमानाने पाठवा, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे.

या तारेत लबाडीचा लवलेश नाही. उलट तो गृहस्थ किती प्रामाणिक होता हेच तिच्यातून दिसतं. आपल्या डोळ्यांत पक्षपात असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नाही. फिल्म तुटलेली असेल हे मात्र लगेच पटलं. ली रॉस आणि अँड्र्यू वॉर्ड यांनी पुढे या प्रवृत्तीची घडण उलगडून दाखवली. माणूस धरून चालतो की आपण जग जसं आहे तसंच पाहतो. मग दुसऱ्याला तीच माहिती दिली की त्यालाही तेच दिसायला हवं. नाही दिसलं तर तो अडाणी असेल, त्याला विचार करता येत नसेल, किंवा त्याचा काही स्वार्थ असेल. आपल्याकडच्या वादांत हे तिन्ही आरोप याच क्रमाने होताना ऐकू येतात. आधी ‘तुला माहीत नाही’, मग ‘तुला कळत नाही’, आणि शेवटी ‘तुझे हितसंबंध आहेत’. ज्याला आपलं मत दिसणं म्हणून जाणवतं, त्याने त्यापुढे ‘माझ्या मते’ लावावं तरी का? समोर भिंत आहे, हे सांगताना आपण ‘माझ्या मते भिंत आहे’ असं थोडंच म्हणतो.

त्यात भर पडते ती आपल्याला किती कळतं याच्या भ्रमाची. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना साध्या वस्तूंबद्दल विचारलं: कपड्याची चेन, कुलूप, संडासातली फ्लशची टाकी. हे कसं चालतं ते तुम्हाला कितपत कळतं, याला स्वतःच गुण द्या. लोकांनी सढळ हाताने दिले. मग सांगितलं, आता पायरीपायरीने समजावून लिहा. लिहायला बसल्यावर पेन अडलं, आणि पुन्हा गुण द्यायला सांगितल्यावर त्याच लोकांनी आपले गुण कमी केले. रोज हाताळायच्या कुलपाची ही गत असेल तर शेतमालाच्या हमीभावाबद्दल, परराष्ट्र धोरणाबद्दल किंवा शेजाऱ्याच्या घटस्फोटाबद्दल आपल्याला जे ‘माहीत’ असतं त्याची काय असेल? फरक इतकाच की त्यावर कुणी पायरीपायरीने लिहायला बसवत नाही.

‘खरी मिसळ कोल्हापूरचीच’ हे वाक्यही याच जातीचं. नाशिक आणि पुणे यावर गप्प बसणार नाहीत आणि बसूही नये. अशा वाक्यांनी कुणाचं बिघडत नाही, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की हा आवडीचा प्रश्न आहे आणि ‘खरी’ हा शब्द इथे तर्रीसारखा वरून सोडलेला आहे. घोटाळा होतो तो हेच रूप घेऊन आजारावरचा उपाय, एखाद्या समाजाचा स्वभाव किंवा इतिहासातला प्रसंग समोर येतो तेव्हा.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. फिलिप टेटलॉक या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या दशकात एक चिवट काम हाती घेतलं. राजकारण आणि अर्थकारण यांवर भाष्य करून पोट भरणाऱ्या २८४ तज्ज्ञांकडून त्याने हजारो भाकितं लेखी घेतली, तीही शक्यतेच्या आकड्यांत, आणि मग वर्षानुवर्षं थांबून ती ताडून पाहिली. २००५ साली निकाल पुस्तकरूपाने आला. सरासरी तज्ज्ञ नुसत्या अडाख्यापेक्षा फारसा सरस नव्हता. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एकाच मोठ्या सिद्धान्तात सगळं कोंबून ठामपणे बोलणारे तज्ज्ञ अधिक चुकत, तर ‘एकीकडे हे, दुसरीकडे ते’ करत चाचपडणारे कमी चुकत. आणि प्रसारमाध्यमांतून मागणी कुणाला जास्त? ठामपणे बोलणाऱ्यांना. वृत्तवाहिनीवर आठ चौकटींत आठ जण बसलेले असताना ‘यावर आत्ताच काही सांगता येणार नाही’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. त्याला डावलणारा निर्माताही वाईट माणूस नसतो. त्याला प्रेक्षक माहीत असतो.

अनिश्चितता उघडपणे दाखवली की आपण किती चिडतो, हे क्रिकेटमध्ये तर दर सामन्याला दिसतं. पायचीतच्या निर्णयावर दाद मागितली की पडद्यावर चेंडूचा मार्ग येतो. पॅडला लागेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो. त्यापुढचा गणिताने काढलेला अंदाज असतो. म्हणून चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागताना दिसला तर यंत्र निर्णय फिरवत नाही, मैदानावरच्या पंचाचा कौल कायम राहतो. ‘अंपायर्स कॉल’ तो हाच. यंत्राने आपली मर्यादा इतक्या सरळपणे कबूल केल्याचं दुसरं उदाहरण सार्वजनिक जीवनात शोधून सापडायचं नाही, आणि लोकांचा राग नेमका त्याच्यावर. मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला इंग्लंडविरुद्धची एकदिवसीय मालिका सुरू होण्याआधी विराट कोहलीने यावर टीका केली. त्याचा मुद्दा असा की यामुळे गोंधळ वाढतो, चेंडू यष्टींना लागत असेल तर बाद द्यावं. ऐकायला बिनतोड वाटतं. पण चेंडू लागला आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. पडद्यावरचं रंगीत चित्र इतकं रेखीव असतं की ते चित्र हा अंदाज आहे, याचा विसर पडतो. अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी यष्टींच्या उंचीबाबतचा नियम थोडा बदलला, पण अंपायर्स कॉल ठेवला.

ऐकणाऱ्याची खात्रीची ही भूक मात्र नुसती मूर्खपणाची नाही. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला, त्यावर विसंबून पेरण्या केल्या, पाऊस आला नाही. बियाणं आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांशी संगनमत असलं पाहिजे, असा त्यांचा आरोप होता. संगनमताचा आरोप बाजूला ठेवला तरी त्यामागची कोंडी खरी आहे. देशभराच्या सरासरीचा अंदाज एका तालुक्यातल्या पावसाबद्दल काहीच सांगत नाही, हे शास्त्राने बरोबर. पण चाड्यावर मूठ धरायची की थांबायचं, या प्रश्नाला अधिक-उणे पाच टक्के असं उत्तर नसतं. पेरलं तर पेरलं. चुकलं तर दुबार पेरणीचा खर्च पदरी. अशा वेळी मोबाइलवर ‘अमुक तारखेपासून पाऊस, निर्धास्त पेरा’ सांगणारा माणूस जवळचा वाटला तर नवल नाही. त्याची तारीख चुकते तेव्हा त्याने अधिक-उणे कधी सांगितलंच नव्हतं, हेही कुणाच्या लक्षात राहत नाही.

अनिश्चित बोलण्यावर कृती करता येत नाही, ही तक्रार आजची नाही. जैन तर्कशास्त्राने शेकडो वर्षांपूर्वी मांडलं की कोणत्याही गोष्टीबद्दलचं विधान एका विशिष्ट बाजूने केलेलं असतं आणि ती बाजू विधानातच सांगावी. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात त्यावर हल्ला चढवला. त्यांच्या आक्षेपांतला एक इथे लागू पडतो: ज्याचा उपदेशच अनिश्चित आहे त्याचे अनुयायी निःशंकपणे आचरण करणार कसं? फळ निश्चित असेल तरच माणूस कामाला लागतो. माजलगावच्या शेतकऱ्याची अडचण आणि आचार्यांचा आक्षेप यांत मला फारसं अंतर दिसत नाही. मात्र त्यात एक उडी आहे. कृती एकच करावी लागते म्हणून ज्ञानही एकच आणि पक्कं असलं पाहिजे, असं होत नाही. विमा उतरवणारा माणूस अपघाताची खात्री असल्याशिवायच हप्ता भरतो. जैन तार्किकही आपल्या विधानाला संशय म्हणत नव्हते; कुठे उभं राहून पाहिलं ते सांगितलं तर त्या जागेवरून विधान पुरतं पक्कं असतं, असं त्यांचं उत्तर होतं.

  

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं मान्य केलं तर सत्य म्हणून काही उरतच नाही, ज्याचं त्याचं मत. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. २०२३चा पाऊस मोजला गेला, आकडा आला आणि तो अंदाजाच्या मर्यादेत बसला. मर्यादा सांगितली होती म्हणूनच तो तपासता आला. मत सत्याच्या पंगतीत बसलं की सत्याचं पान मांडायला जागा उरत नाही, आणि मग उलटाही खेळ सुरू होतो: नको असलेल्या वस्तुस्थितीला ‘ते तुमचं मत’ म्हणून उडवून लावायचं. प्यू या संशोधनसंस्थेने २०१८ साली पाच हजारांवर अमेरिकनांना पाच वस्तुस्थितीची आणि पाच मतांची विधानं ओळखायला दिली. वस्तुस्थितीची पाचही बरोबर ओळखणारे २६ टक्के निघाले, मतांची पाचही ओळखणारे ३५ टक्के. आपल्या पक्षाला सोयीचं विधान असलं की ते वस्तुस्थिती मानण्याकडे कल, मग ते मत का असेना. म्हणजे आपलं मत सत्य होतं आणि दुसऱ्याचं सत्य मत होतं, दोन्ही एकाच दमात.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. प्रत्येक वाक्याला ‘मला वाटतं’ची ठिगळं लावत बसलं तर बोलणं मिळमिळीत होईल आणि कुणी ऐकणार नाही. यातलं पहिलं खरं आहे. शिवाय ‘हे माझं वैयक्तिक मत आहे’ ही ढाल म्हणूनही वापरतात. एखाद्याला चोर म्हणायचं आणि वर हे शेपूट लावायचं. त्याने काही बदलत नाही, हे १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या एका कुस्ती-प्रशिक्षकाच्या खटल्यात स्पष्ट केलं. आपल्या जुन्या दंडसंहितेने तर १८६०मध्येच यापेक्षा बारीक रेघ ओढली होती. अब्रुनुकसानीच्या कलम ४९९मध्ये एका टीकाकाराचं उदाहरण होतं. पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक कमकुवत बुद्धीचा असणार, असं त्याने सद्भावनेने म्हटलं तर गुन्हा नाही, कारण लेखकाबद्दलचं मत त्याने पुस्तकावरूनच बनवलं आहे. पण लेखक मुळातच कमकुवत आणि बदफैली आहे, तेव्हा पुस्तक असं निघालं यात नवल नाही, असं म्हटलं तर त्याला संरक्षण नाही, कारण ते मत पुस्तकावर उभं नाही. दोन्ही वाक्यं सारखीच झोंबणारी, दोन्हीत ‘मला वाटतं’ नाही. कायद्याने पाहिलं ते मत कशावर उभं आहे, आणि तो पाया लोकांपुढे आहे का.

ऐकणाऱ्याबद्दल माझी एक शंकाही इथे नोंदवायला हवी, कारण ती माझ्या म्हणण्याला थोडी आडवी जाते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना काही आकडे कधी नुसते दिले, कधी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादा देऊन, कधी ‘थोडीफार अनिश्चितता आहे’ असं मोघम सांगून. मर्यादा आकड्यांत सांगितली तेव्हा विश्वास फारसा कमी झाला नाही. मोघम शब्दांनी मात्र जास्त कमी झाला. म्हणजे ऐकणारा आपण समजतो तितका नाजूक नसावा. त्याला राग आहे तो गुळमुळीतपणाचा, आणि बोलणारे त्या भीतीने मर्यादाच गिळून टाकतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. समाज बदलला तो ठाम माणसांनी. आगरकरांनी ‘सुधारक’मध्ये बालविवाहाबद्दल ‘दोन्ही बाजूंचा विचार करता’ असं लिहायला हवं होतं का? अन्यायापुढे तोलून मापून बोलणं हा अन्यायाला हातभार ठरतो, आणि ज्यांच्या अंगावर काही शेकत नाही त्यांनाच तटस्थपणा परवडतो. हे सगळं मान्य. पण ठामपणा आणि मर्यादा लपवणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच माणसात कशा वेगळ्या राहतात याचा उत्तम दाखला महाराष्ट्राच्याच कागदपत्रांत आहे. १८८२मध्ये विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. फुल्यांइतका जहाल लेखक त्या काळात दुसरा दाखवता येणार नाही. पण निवेदनाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की शिक्षणाबाबतचा आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालच्या खेड्यांपुरता आहे. आपण कोणत्या शाळा चालवल्या, हेही सांगतात, म्हणजे हा माणूस कुठून बोलतो आहे ते आयोगाला कळावं. आणि मग त्याच निवेदनात, सरकारी तिजोरीत पैसा शेतकऱ्याचा आणि त्यावर शिक्षण मात्र वरच्या वर्गांचं, या धोरणाची सालं काढतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, ही त्यांची मागणी तिथलीच. इंग्रजी निवेदनात ती चक्क स्वतःचं मत म्हणून आली आहे. देशाला तसा कायदा करायला २००९ साल उजाडलं.